पटावरून कमी झालेली नावे

शाळेत एखाद्या मुलाचे नाव पटावरून कमी करायचे असले की जनरल रजिस्टरात कारण लिहावे लागते. दाखला नेला, सतत गैरहजर, किंवा (देव न करो) मयत. तेहेतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवताना वर्गशिक्षक म्हणून मी ही कारणे लिहीत आलो. दिवाळी झाली की ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांची पोरे वर्गातून कमी व्हायची. त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहायचे आणि गुढीपाडव्यापर्यंत वाट पाहायची. बहुतेक परत यायची. नाही आली तरी तांड्यावर, वस्तीवर चौकशी केली की कळायचे, कारखान्याकडेच राहिले, पुण्याला बांधकामावर गेले, नाहीतर पोरीचे लग्न लावून दिले. 'कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही' असे लिहायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. तसे कारण रजिस्टरात बसलेही नसते.

ती पाळी आली निवृत्तीनंतर.

अर्ज लिहून देणारा मास्तर अशी माझी पंचक्रोशीत थोडी ख्याती होती, ती नोकरी संपली तरी सुटली नाही. २०११ च्या पावसाळ्यात वाशिमजवळच्याच एका गावाहून एक बाई आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मुलाचा पासपोर्ट साइज फोटो, पासपोर्टाची झेरॉक्स आणि एका कागदावर एजंटचा फोन नंबर. पोरगा माझाच विद्यार्थी. अक्षर सुरेख, गणिताच्या नावाने शून्य. शटरिंगचे काम शिकून तो मुंबईच्या एजंटमार्फत आखातात गेला होता.

"गुरुजी, सहा महिने झाले, फोनच नाही येऊन राहिला त्याचा."

एजंटचा नंबर बंद. पोलीस ठाण्यात सांगितले, मुलगा सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने परदेशात गेला, आम्ही काय करणार. बाई रडल्या नाहीत. चहा घेतला, पिशवीची गाठ सोडली, पुन्हा मारली आणि म्हणाल्या, "जित्ता असंन तं येईनच. नसंन तं तसं सांगा म्हना कोनी. हे मधातलं नाही सोसत मले."

त्यांच्यासाठी मी काय लिहिले आणि त्याचे काय झाले ते शेवटी सांगतो. पण तो 'मधातलं' शब्द काही डोक्यातून जाईना. माणूस ना जिवंतांच्या यादीत, ना मेलेल्यांच्या, अशा अवस्थेला इतिहासात काही नाव आहे का, कायद्यात काही जागा आहे का, हे मी तेव्हापासून जमेल तसे वाचत आलो. लांबचे वाचायला गेलो आणि सगळ्यात मोठे उदाहरण निघाले परभणीचे.

वाशिमकरांना परभणी काही परकी नाही. हिंगोली, वसमत करत गाडी पूर्णेला लागली की परभणी आलीच. तिथला ख्वाजा युनूस नावाचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर दुबईत नोकरीला होता आणि सुटीवर घरी आला होता. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला, दोन माणसे गेली. त्या प्रकरणात संशयित म्हणून मुंबई पोलिसांनी त्याच महिन्यात युनूसला चिखलदऱ्याहून ताब्यात घेतले. चिखलदऱ्याला मी शाळेच्या किती सहली नेल्या असतील! भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड. दर थांब्यावर पोरे मोजायची, गाडीत चढताना पुन्हा मोजायची, एक जरी कमी भरला तरी पोटात गोळा. त्या ठिकाणाहून नेलेला एक मुलगा पुढे मोजणीत कधीच सापडला नाही, हे वाचताना मला त्या मोजण्या आठवल्या.

पोटा कायद्याखाली अटक झाली. ६ जानेवारी २००३ नंतर त्याला कोणी पाहिल्याची नोंद नाही. पोलिसांनी सांगितले ते असे: ७ जानेवारीला त्याला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि अंधारात तो पळून गेला. पारनेर ठाण्यात तशी फिर्यादही नोंदवली गेली. म्हणजे पटावरून नाव कमी, कारण: पळून गेला. रीतसर.

त्याच प्रकरणातल्या एका सहआरोपीने मात्र न्यायालयाला वेगळेच सांगितले. कोठडीत युनूसला जबर मारहाण होताना आणि त्याला रक्ताची उलटी होताना आपण पाहिले, असे त्याचे म्हणणे. युनूसच्या वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली. न्यायालयाच्या आदेशाने तपास सीआयडीकडे गेला आणि सीआयडीने पळून जाण्याची गोष्ट खोटी ठरवली. तपासात चौदा पोलिसांची नावे पुढे आली. सरकारने खटला चालवायला परवानगी दिली चौघांविरुद्ध. त्या चौघांना २००४ मध्ये निलंबित केले होते. २००५ मध्ये पोटा न्यायालयात घाटकोपर स्फोटाचे आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे युनूस जिवंत असता तर बहुधा तोही सुटून परत दुबईला गेला असता, असे माझ्या मनात येते. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या आईला एकूण वीस लाख रुपये भरपाई ठरवली. बाकीच्या पोलिसांवर खटला भरण्याची तिची मागणी मात्र मान्य झाली नाही. चौघांविरुद्धच्या खटल्यात पहिला साक्षीदार उभा राहायला २०१८ साल उजाडले. तोच तो सहआरोपी. त्याने आणखी काही पोलिसांची नावे घेतली, त्यांनाही आरोपी करा असा अर्ज सरकारी वकिलांनी केला आणि त्या वकिलांनाच प्रकरणातून काढण्यात आले. जून २०२० मध्ये चौघे निलंबित पुन्हा पोलीस सेवेत रुजू झाले. (त्यांतला एक पुढच्याच वर्षी एका वेगळ्या, फार गाजलेल्या प्रकरणात पकडला गेला आणि बडतर्फ झाला. नावे वाचकांना ठाऊक असतील. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी तो आरोपीच, म्हणून मी ती लिहीत नाही.)

मृतदेह मिळालाच नाही.

या प्रकरणावर बोलणे निघाले की आमच्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो अतिरेक्यांचे लाड कशाला, दुसरा म्हणतो पोलीस असेच. माझा मुद्दा त्या दोहोंच्या अलीकडचा आहे. युनूस दोषी होता की नव्हता हे न्यायालयाने ठरवायचे होते. पण 'तुमचा मुलगा आमच्याकडे होता, त्याचे असे असे झाले' एवढे एक वाक्य त्या आईला सरकार देणे लागत होते. वीस लाखांत ते वाक्य नव्हते.

हेबियस कॉर्पस या लॅटिन शब्दांचा अर्थ आमच्या वेळी नागरिकशास्त्रात 'देहोपस्थिती' असा शिकवत. पकडलेला माणूस न्यायाधीशापुढे सदेह उभा करा. आम्ही तो पाठ करून घेत असू आणि पुढच्या धड्याला लागत असू. पण सरकारने 'तो आमच्याकडे नाहीच' असे सांगितले तर? या प्रश्नावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाला उत्तर द्यावे लागले ते मणिपूरच्या प्रकरणात. १९८२ मध्ये लष्कराने चौकशीसाठी नेलेले दोन गावकरी परतले नाहीत. लष्कर म्हणाले, आम्ही त्यांना सोडून दिले. न्यायालयाला ते पटले नाही. दोघांना हजर करा असा आदेश झाला, तोही पाळला गेला नाही, तेव्हा १९८४ मध्ये न्यायालयाने दोघांच्या बायकांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला लावले आणि त्या माणसांचा अनैसर्गिक मृत्यू झाला असावा हे मान्य केले. सेबॅस्टियन होंगरे खटला म्हणून तो वकील मंडळींना माहीत असतो.

आता थोडे लांब जाऊ. माणूस नाहीसा करून घरच्यांना मुद्दाम अंधारात ठेवायचे, ही गोष्ट धोरण म्हणून कागदावर लिहिली नाझींनी. ७ डिसेंबर १९४१ चा हुकूम. नावच 'रात्र आणि धुके'. पश्चिम युरोपातल्या विरोधकांना पकडून रात्रीतून जर्मनीला न्यायचे आणि कोणी विचारले तर काही सांगायचे नाही. फाशी दिली तर माणूस हुतात्मा होतो, नाहीसा केला तर शेजारीपाजारी गप्प बसतात, हा हिशोब. घाबरवायला मृत्यूपेक्षा 'मधातलं' जास्त कामाचे, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे हीच रीत दक्षिण अमेरिकेतल्या लष्करशहांनी उचलली. अर्जेंटिनात १९७६ च्या लष्करी उठावानंतर हजारो माणसे घरातून, कारखान्यातून, रस्त्यावरून उचलली गेली. पुढे नेमलेल्या आयोगाने सुमारे नऊ हजार नावे नोंदवली, मानवी हक्कवाले तीस हजार म्हणतात. ३० एप्रिल १९७७ रोजी काही आया ब्युनोस आयर्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या मैदानात जमल्या. पोलीस म्हणाले, इथे घोळक्याने उभे राहता येणार नाही, चालत्या व्हा. मग त्या खरेच चालायला लागल्या, मैदानातल्या स्तंभाभोवती गोल गोल, दर गुरुवारी. डोक्याला पांढरा रुमाल. एवढे साधे हत्यार मी इतिहासात दुसरे पाहिले नाही. (आपल्याकडे प्रदक्षिणा देवाला घालतात. त्यांनी सरकारला घातली.)

अशा आयांच्या रेट्यामुळे जगाच्या कायद्यात या गुन्ह्याला नाव मिळाले. मराठीत 'सक्तीने बेपत्ता करणे' म्हणू. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी यासाठी एक कार्यगट नेमला, १९९२ मध्ये जाहीरनामा आला आणि २० डिसेंबर २००६ रोजी आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. तो २३ डिसेंबर २०१० पासून अमलात आहे. त्यातली व्याख्या मला फार नेमकी वाटते. सरकारी माणसांनी, किंवा सरकारच्या आशीर्वादाने दुसऱ्या कोणी, एखाद्याला पकडायचे आणि मग पकडल्याचे नाकारायचे किंवा त्याचे काय झाले ते लपवायचे. गुन्हा पकडण्यात अर्धा, लपवण्यात अर्धा. म्हणून ठावठिकाणा लागेपर्यंत तो गुन्हा चालूच आहे असे धरतात. आणि पीडित कोण, तर नेलेला माणूस आणि वाट पाहणारे घरचे, दोघेही. खरे काय ते कळणे हा घरच्यांचा हक्क. युद्ध असो, आणीबाणी असो, अतिरेकी कारवाया असोत, सबब चालत नाही.

मास्तर माणसाला त्या करारातले सतरावे कलम आवडावे हे ओघानेच आले. ते आहे रजिस्टरविषयी! ज्याला ज्याला कोठडीत ठेवाल त्याचे नाव, कोणी पकडले, कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठून, कोणाच्या हुकमाने, कोणत्या कारणाने, कुठे ठेवले, आत घेताना प्रकृती कशी होती, दुसरीकडे हलवले तर केव्हा व कुठे, सोडले तर केव्हा, आणि मेला तर कशाने व त्याचे पार्थिव कुठे गेले. एवढे रकाने. गुप्त कोठडी कोणालाही, कधीही नाही. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी मनात म्हटले, अरे, हा तर हजेरीपट आहे.

आपण या कराराच्या बाबतीत काय केले? ६ फेब्रुवारी २००७ रोजी पॅरिसमध्ये तो सह्यांसाठी खुला झाला, त्याच दिवशी भारताने सही केली. त्यानंतर आजतागायत तो मंजूर केलेला नाही. लग्नाची सुपारी फुटली आणि मुहूर्तच निघेना, तशी गत. सही म्हणजे नुसता इरादा, बंधन येते ते मंजुरीनंतर. आपल्या फौजदारी कायद्यात 'सक्तीने बेपत्ता करणे' असा वेगळा गुन्हाही नाही, जुन्या दंड संहितेत नव्हता आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही नाही. अपहरण, खून, पुरावा नष्ट करणे यांत ओढून ताणून बसवावे लागते. पण आपला कायदा अगदीच आंधळा आहे असे म्हणणेही बरोबर नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते की अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा. आणि २००६ पासून फौजदारी प्रक्रियेत एक पोटकलम आहे. त्यात पोलीस कोठडीत कोणी मेला 'किंवा नाहीसा झाला' तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे माणूस कोठडीतूनसुद्धा नाहीसा होऊ शकतो, हे आपल्या संसदेला ठाऊक आहे.

युनूसच्या आईसारखीच एक आई मुंबईत होती. तिची कथा जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा शेवट वेगळा झाला.

हमीद अन्सारी हा मुंबईचा तरुण इंजिनिअर. नोव्हेंबर २०१२ मध्ये नोकरीसाठी जातो असे घरी सांगून काबूलला गेला आणि तिथून कागदपत्रांशिवाय पाकिस्तानात शिरला. इंटरनेटवर ओळख झालेल्या एका मुलीला भेटायला तो कोहाटला पोचला होता. तिथल्या हॉटेलातून त्याला उचलले. मुंबईत त्याची आई फौझिया अन्सारी फोन लावत राहिली. पेशाने प्राध्यापिका. पाकिस्तानातले कोणीच मान्य करेना की मुलगा आपल्याकडे आहे. या बाईंनी धीर सोडला नाही. पाकिस्तानातल्या वकिलांमार्फत पेशावर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका लावली. बेपत्ता माणसांसाठी त्या देशाने नेमलेल्या आयोगापुढेही प्रकरण नेले. झीनत शहजादी या तिथल्या तरुण पत्रकार मुलीने या प्रकरणाचा पाठपुरावा केला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये लाहोरहून ती स्वतःच नाहीशी झाली! सापडली ती दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये.

जानेवारी २०१६ मध्ये पाकिस्तान सरकारच्या वकिलाने पेशावरच्या न्यायालयात सांगितले की हमीद लष्कराच्या ताब्यात आहे. तीन वर्षे दोन महिन्यांनी आलेले ते एक वाक्य. लष्करी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची शिक्षा दिली होती, ती भोगून १८ डिसेंबर २०१८ रोजी तो वाघा सीमेवरून चालत परत आला.

हमीदने सीमा बेकायदा ओलांडली, हे खरेच. त्याची शिक्षा त्याला मिळाली. पण शिक्षा देणे वेगळे आणि तीन वर्षे 'आमच्याकडे नाही' म्हणणे वेगळे. आपण सगळ्यांनी तेव्हा पाकिस्तानला नावे ठेवली, मीही ठेवली. कुलभूषण जाधवांच्या प्रकरणात तर आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. पकडल्याचे तीन आठवडे कळवले नाही, आपल्या वकिलातीला भेटू दिले नाही, ही आपली तक्रार होती आणि १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने ती मान्य केली. आधार होता १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा. परक्या देशात पकडलेल्याला आपल्या वकिलातीला निरोप धाडण्याचा हक्क आहे, असा तो नियम. तेव्हा छाती भरून आली होती. नंतर मनात आले, परभणीच्या आईने जायचे ते कोणत्या हेगला?

दोन्ही आया महाराष्ट्रातल्या, प्रश्न एकच. उत्तर मिळाले ते परक्या, आपल्याशी वैर असलेल्या देशातून. आपल्याच राज्यातून नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ज्यांना लिहिणे आवडणार नाही त्या माझ्या नातलगांची मी आधीच माफी मागून ठेवतो.

परगावी, परदेशी गेलेल्या माणसाला नाहीसे करणे सोपे असते. त्याला तिथे ओळखणारे कोणी नसते. ज्याने कामाला ठेवले त्याला त्याच्या नावाशी देणेघेणे नसते आणि गावाकडे कळायला महिने जातात. ऑगस्ट २०१० मध्ये मेक्सिकोतल्या सान फर्नांडो या गावाजवळ बहात्तर स्थलांतरितांची प्रेते सापडली. अमेरिकेकडे निघालेले, बहुतेक मध्य अमेरिकेतले गरीब लोक. मारले गुंडांच्या टोळीने. होंडुरास, ग्वातेमाला इकडच्या आया आपल्या मुलांचे फोटो गळ्यात अडकवून मेक्सिकोभर बसने फिरतात, तुरुंग, इस्पितळे, रेल्वेरुळांकडेच्या वस्त्या धुंडाळत. आमचे एकोणचाळीस मजूर, बहुतेक पंजाबचे, जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसूलला असेच नाहीसे झाले. चार वर्षे घरच्यांना ते जिवंत असावेत असेच सांगितले गेले आणि मार्च २०१८ मध्ये संसदेत त्यांच्या मृत्यूची घोषणा झाली. मोसूलला नेणारे अतिरेकी होते, सरकार नव्हे. पण नवऱ्याच्या नावे जमीन, पोरांचे दाखले, बँकेतले खाते यांचे चार वर्षे काय करायचे, हे त्या बायकांना कोणी सांगितले असेल? आपल्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे खबर नसेल तेव्हा माणूस मेला असे गृहीत धरतात. तोवर बाई ना सधवा ना विधवा.

संयुक्त राष्ट्रांच्या या करारासाठीच्या समितीने २०२३ मध्ये खास स्थलांतरितांविषयी आपले मत प्रसिद्ध केले. कागदपत्रे नसलेल्याचीही कोठडीत नोंद झालीच पाहिजे, त्याच्या घरच्यांना दुसऱ्या देशात बसूनही तक्रार करता आली पाहिजे, आणि नाव-गाव न तपासता, नोंद न ठेवता माणसांना सीमेपलीकडे ढकलून देण्यातूनही 'सक्तीने बेपत्ता करणे' घडू शकते, असे त्यात म्हटले आहे.

हे वाचून दोन वर्षे होतात न होतात तोच जून २०२५ मध्ये मुंबई-ठाण्याच्या बातम्या आल्या. गवंडीकाम, मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी समजून पकडले आणि सीमेपलीकडे सोडून दिले. ते भारतीयच निघाले. तिकडच्या राज्य सरकारने कागदपत्रे दाखवल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच महिन्यात दिल्लीहून एका गरोदर बाईला नवऱ्या-मुलासह असेच पलीकडे धाडले. तिच्या बापाने कलकत्ता उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसच केले, सप्टेंबरमध्ये तिला आणण्याचा आदेश झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ती मुलासह डिसेंबरमध्ये परतली. घुसखोर असेल त्याला पाठवू नका असे मी म्हणत नाही. पण तेवढे ठरवायला माणूस आधी कोणत्यातरी न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहायला नको?

आमच्या मानोरा-मंगरूळपीरकडच्या तांड्यांवरून माणसे कर्नाटकात, तेलंगणात जातात. त्यांची बोली गोरमाटी, तिथल्या फौजदाराला ती ओळखू येणार का? परराज्यात जाणाऱ्या मजुराला ठेकेदाराने फोटो लावलेले पासबुक द्यावे, असा कायदा १९७९ मध्येच झाला होता. इतक्या वर्षांत एकाही पालकाच्या खिशात मी ते पासबुक पाहिले नाही. मुकादमाच्या वहीत कोयता म्हणून नोंद असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, त्यांच्या पोरांची नोंद नाही. टाळेबंदीत, २०२० साली, किती स्थलांतरित मजूर वाटेत मेले असे संसदेत विचारले तर केंद्र सरकारचे उत्तर आले, अशी माहिती ठेवलेली नाही.

आता त्या बाईंचे.

मी सात पत्रे लिहिली. मोडक्या इंग्रजीत, शब्दकोश शेजारी घेऊन. परदेशातली वकिलात, दिल्लीचे मंत्रालय, खासदार, जिल्हाधिकारी, पुन्हा वकिलात. प्रत्येक पत्राला जावक वहीत क्रमांक दिला (सवय जात नाही). बाई दर सोमवारी बाजाराला आल्या की डोकावून जायच्या. "काही आलं का?" एवढेच विचारायच्या. नाही म्हटले की पिशवी काखेत मारून निघायच्या.

पोरगा आला पुढच्या वर्षी, होळीच्या सुमारास. आधी फोन नाही, काही नाही. हिंगोली नाक्यावर उतरून चालत घरी. मालकाने दोन महिन्यांचा पगार थकवला म्हणून याने काम सोडले, तर मालकाने 'कामगार फरार' अशी तक्रार दिली. तिकडे पासपोर्ट मालकाकडे आणि राहण्याचा परवानाही त्याच्याच नावावर. रस्त्यात पकडला गेला आणि दहा महिने एका मोठ्या हॉलमध्ये ठेवला, शंभरेक माणसांबरोबर. फोन काढून घेतलेला. त्याचे नाव त्यांच्या वहीत चुकीचे लिहिले गेले होते, म्हणून आपल्या वकिलातीचा माणूस येऊन यादी वाचून जायचा तेव्हा याचे नाव कधी पुकारलेच जायचे नाही. एके दिवशी शेजारच्या केरळी मुलाने ती यादी वाचली आणि म्हणाला, हा तूच तर नाहीस?

हे सांगताना तो सारखा दाराकडे पाहत होता. आई ओट्यावर बसली होती. मी विचारले, कोणते अक्षर चुकले होते रे? त्याने माझ्याच कागदावर दोन्ही नावे लिहून दाखवली, बरोबर आणि चूक. अक्षर अजून तसेच सुरेख.

ती जावक वही माझ्याकडे आहे. सात पत्रांसमोर 'उत्तर आल्याचा दिनांक' हा रकाना कोराच आहे.